कूलर बंद पडल्यावर

कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडलं आणि त्या ओल्या वासासरशी मी मनाने धुळ्याच्या टॉकीजमध्ये जाऊन बसलो. मे महिन्यातली दुपार, पडद्यावर आग ओकणारा राक्षस. शेजारी शिरपूरचे आबा, माझे थोरले काका, मांडीवर थाप मारत म्हणत होते, "पिक्चर भारी शे!"

तेवढ्यात टॉकीजचे कूलर बंद पडले. राक्षस मात्र चालूच होता. आबांनी उपरण्याने मान पुसली आणि ते उठलेच.

"चाल रे, आते काय राह्यनं पिक्चरमा?"

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता मात्र उन्हाळ्यात कुणी पिक्चरचं कौतुक केलं की मला संशयच येतो.

काल पुतणी आली. "काका, काय जबरदस्त पिक्चर होता!"

"एसी चालू होता ना गं?"

"बाहेर ऊन किती होतं, काका!"