समुद्राकाठच्या हॉटेलात दिलेलं पाणी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळात आमच्या पिंपळगावातून समुद्र पाहून आलेली बाई मी पहिलीच. अजूनही कोणी विचारतं, समुद्र कसा असतो? मी म्हणते, खारट. पुढे बोलायची इच्छाच होत नाही.

तेव्हा मी सातवी पास झाले होते. अमरावतीला मास्तरणींच्या ट्रेनिंग शाळेत जायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे वडिलांनी शब्द दिला होता. त्याआधी एकदा धाड गावाकडचे पाहुणे मला पाहायला आले, तर मी गोठ्यात जाऊन आतून आगळ घातली आणि पाहुण्यांची बैलगाडी वेशीबाहेर जाईपर्यंत उघडली नाही. वडील चिडले नाहीत. माझी आई नव्हती, मी एकुलती एक, आणि गावावर गुरगुरणारा तो माणूस माझ्यापुढे लोणी व्हायचा. "तुले विचारल्याबिगर आता कोणाले घरात आणणार नाही, माय," असं ते म्हणाले. माझा त्यांच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

त्या हिवाळ्यात मला हिवतापानं धरलं. ताप गेला तरी अंगात ताकद येईना. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा मानवेल. आठ दिवसांत वडिलांनी मुंबईपलीकडच्या एका हॉटेलात खोली ठरवली. लेकीसाठी बाप काय करतो बघा, असं मी मैत्रिणींना सांगत सुटले.

हॉटेल काय सुंदर होतं! दाराशी संगमरवरी पायऱ्या, खोलीत डोक्यापासून पावलापर्यंत दिसेल असा आरसा, खिडक्यांना रंगीत काचा. पण खिडक्या उघडत नव्हत्या, तेव्हा ज्या हवेसाठी आलो ती बाहेरच. दार खाऱ्या हवेनं फुगलेलं, म्हणून ते लावायचं तर ट्रंक आडवी सरकवायची. पलंगाजवळ नोकराला बोलावण्याचं बटण होतं. ते दाबलं की काहीच वाजायचं नाही. आणि हंसाच्या मानेसारखे पितळी नळ, त्यांना पाणी फक्त संध्याकाळी, तेही आलं तर. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मॅनेजर मात्र रोज इस्त्रीचा कोट घालून "आज नक्की येईल" म्हणायचा. वडिलांना तो आवडायचा. मला हसू यायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत तिघं आली: एक गृहस्थ, त्यांची बायको आणि मोठा मुलगा. "खामगावच्या कापसाच्या बाजारातली ओळख हाय," वडील म्हणाले. "हेही हवा पालटाले आले." मी मान डोलावली. परमुलखात आपल्याकडची माणसं भेटली म्हणून उलट आनंदच झाला.

पाहुणे बसले. वडिलांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. नळ तर नेहमीसारखा कोरडा. आमच्याकडे दारात आलेल्याला "बसा" म्हणायच्या आधी गूळपाणी मिळतं. कोर्टात ज्याच्याशी दावा चालू आहे, त्यालाही मिळतं. ही माणसं ओठ कोरडे ठेवून बसली आहेत, हे मला बघवेना. मी पितळी गडू उचलला, दोन जिने उतरले, मागच्या विहिरीवरून पाणी शेंदलं आणि कठडा धरत धरत वर आले. घरून आणलेल्या गुळाचे खडे बशीत ठेवले, पदर सारखा केला आणि आधी त्या बाईंना, मग गृहस्थांना, मग मुलाला दिलं. मान खाली घालून. शिकवलंच तसं होतं.

बाई सावकाश प्यायल्या. मग म्हणाल्या, "माय, त्या खिडकीतून समुद्र कुठं दिसते, दाखव बरं." मी खिडकीपर्यंत चालत गेले आणि परत आले. त्या समुद्राकडे पाहतच नव्हत्या, माझ्या पावलांकडे पाहत होत्या.

"चालीले सरळ हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आजारातून उठली तरी न सांगता दोन जिने चढून पाणी आणलं. मले पोरगी पसंत हाय."

मुलगा लाजून हसला. बाईंनी पिशवीतून नारळ, खण आणि कुंकवाचा करंडा काढला. हवा पालटायला निघालेली बाई खण-नारळ बांधून कशाला आणेल? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि मी लाकडासारखी उभी राहिले. वडील माझ्याकडे बघत नव्हते. ज्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून मी तापाचे दिवस काढले, त्यानं केसानं माझा गळा कापला होता.

पाहुणे जिन्याकडे वळले तशी मी वडिलांची बाही धरली.

"बाबा, तुम्ही शब्द देला होता."

"घरात आणलं काय मी कोणाले?" ते हळूच म्हणाले.

"आणि अमरावती?"

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. रागानं आणि रडण्यानं माझा आवाज फाटला. "मले आधी सांगतलं असतं, तर मी पाणी आणाले गेलीच नसती."

"म्हून तर नाही सांगतलं," वडील म्हणाले, माझी बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली आणि पाहुण्यांना पोचवायला खाली गेले.