कबर कुठल्या काठावर

नीलिमा गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी लीड्सच्या बसमध्ये होते. आधी रडू आलं नाही, राग आला. दीड महिना झाला, तो अजून आहे… आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

पुण्यापासूनची माझी मैत्रीण. इराणच्या पश्चिमेकडच्या कुर्दी डोंगरांत इस्लाम आणि पुढे शिया पंथ कसा पोचला, हा तिचा पीएचडीचा विषय. "अगं, सैन्य पायथ्याशीच थांबलं," ती सांगायची. "वर धर्म गेला तो मीठ विकणाऱ्यांबरोबर, सुनांबरोबर. अलीच्या घराण्यातल्या कुणाची तरी कबर, तिथे नवस, आणि काही पिढ्यांनी अख्खी दरी शिया." यातलं कितीतरी तिने लीड्समधल्या आमच्याच रस्त्यावरच्या गुलीखानमकडून मिळवलं. त्या डोंगरातून आलेल्या म्हाताऱ्या कुर्दी बाई. त्यांच्या किचनमध्ये चहा पीत नीलिमाने वर्षं काढली.

त्या म्हणाल्या, त्यांच्या दरीतली कबर नदीच्या उजव्या हाताला. नीलिमाने नकाशात ती उजव्या काठावर दाखवली. नंतर कळलं, त्यांच्या गावात उगमाकडे तोंड करून उजवं-डावं धरतात, नकाशेवाले प्रवाहाच्या दिशेने. नीलिमा पोट धरून हसली आणि लाल पेनने कबर डाव्या काठावर नेली. पण जुनी प्रत तोवर तिच्या प्रोफेसरांकडे गेली होती. वर्षभरात त्यांचं पुस्तक आलं. त्यात हिचं नाव कुठेच नाही, कबर मात्र उजव्या काठावर. "तक्रार कर," मी म्हटलं. "जाऊ दे गं, माझं सगळं त्यांच्या सहीवर अडलंय." तिने लिहिणं सोडलं. मग कॅन्सर निघाला.

शोकसभेत हेच गृहस्थ भरभरून बोलले, आपण स्वतः त्या कबरीपाशी उभे राहिलो होतो म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी उठून अगदी गोड आवाजात विचारलं, "सर, कुठल्या काठावर?"

"राइट बँक. रस्त्यालगतच."

पहिल्या रांगेतून गुलीखानम शांतपणे म्हणाल्या, "नकाशेवाल्यांच्या उजव्या काठावर माझ्या वडिलांचं शेत होतं. कबर समोरच्या काठावर आहे." गृहस्थ खाली बसले. त्यांचा उतरलेला चेहरा मी पोटभर बघून घेतला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण हे तर चांगले जिवंत आहेत.

आता युनिव्हर्सिटीने चौकशी लावलीय आणि मूळ नकाशा मागितलाय. नीलिमाने तो मला देऊन ठेवला होता, माझ्या किचनमध्ये चहाच्या डब्याच्या वर लावलाय. पोस्टाने पाठवणार नाही. स्वतः नेणार, गुलीखानमना बरोबर घेऊन, आणि चौकशीवाल्यांसमोर टेबलावर उलगडणार. चहा सांडून लाल शाई जरा फुटलीय… पण काठ कुठला ते स्पष्ट दिसतं.