एकाच ठाणातल्या सहा जणी

महाड-पोलादपूरकडे फिरायला जावं का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, गुडघे कसे आहेत? आता रस्ते बरे झालेत, महाडबाहेर औद्योगिक वसाहत झाली आहे, राहायला लॉज आहेत. मी गेले होते साठच्या दशकात. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, आणि मी हौसेने मुळीच गेले नव्हते. मला पाठवलं होतं.

पुण्यात एका छोट्या प्रकाशनात मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. गोष्टीला एक चित्र, फार तर दोन. माझ्या डोक्यात मात्र भलतंच खूळ शिरलं होतं. जुन्या परीकथा अख्ख्या चित्रांतूनच सांगायच्या. पानभर चौकटी, बोलण्यासाठी तोंडाजवळ फुगे, बाकी मजकूर जवळजवळ नाहीच. पहिली गोष्ट मी रात्रंदिवस खपून तयारही केली होती. आजारी आईसाठी डोंगरापलीकडच्या चेटकिणीच्या विहिरीचं पाणी आणायला निघालेली एक मुलगी. मूळ विलायती गोष्टीतल्या बर्फाच्या जागी मी रान घातलं, झग्याचा परकर केला, हातात कळशी दिली. परकरावर ठिपके काढले. प्रत्येक चौकटीत तोच ठिपक्यांचा परकर, म्हणजे ही तीच मुलगी हे कुणालाही कळावं.

मालकांनी पानं उलटली, पालटली. "पुण्यातली पोरं वाचतील हो. पण पुस्तक जाणार खेड्यातल्या शाळांत. डोंगरातल्या पोरांना हे चौकटींचं कळलं नाही तर सगळा कागद वाया. एखाद्या आडगावात दाखवून या. कळलं तर छापू, नाहीतर आपलं एका गोष्टीला एक चित्र बरं."

हे "बरं" माझ्यासाठी बरं नव्हतं. सोलापूरच्या शाळेत दादाने माझ्यासाठी चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा बघून ठेवली होती आणि तो उत्तराची वाट बघत होता. पुस्तक नाही झालं तर मी जाणार, असं घरात ठरूनच गेलं होतं. सोलापूर काही वाईट नव्हे. पण तिथे मी आयुष्यभर मुलांकडून आंब्यांची आणि पेरूंची चित्रं काढून घेतली असती आणि माझी ही पोर फायलीतच राहिली असती. तेव्हा पुठ्ठ्याची फाइल बगलेत मारली आणि निघाले.

शिमगा जवळ आला होता. स्वारगेटहून सकाळची एस.टी. भोरपर्यंत खिडकीतून बघत बसावंसं वाटलं. वरंध घाट सुरू झाला आणि बघणं सोडून मी पुढच्या बाकाची दांडी धरली. एकेका वळणाला बस अशी रेलायची की शेजारच्या बाई आपल्या कोंबडीसकट माझ्या अंगावर यायच्या. आज जाणार असाल तर सांगते, घाट अप्रतिम आहे. मला तेव्हा फक्त लिंबू दिसत होतं, कंडक्टरने माझ्या तोंडाचा रंग बघून दिलेलं. घाट उतरल्यावर उकाडा सुरू झाला. धूळ केसांत, दातांत आणि फायलीच्या बंदांतूनही आत शिरली.

महाडला आमच्या मालकांच्या ओळखीच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्याकडे उतरले. गरम पाणी, वरणभात, वर आंबोशीचं लोणचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गात पानं लावली. मुलांनी पटापट वाचून दाखवली, चेटकीण आली तेव्हा ओरडलीसुद्धा. मी मनातल्या मनात दादाला नकार कळवून मोकळी झाले. तेवढ्यात वर्गाच्या दारात उभे असलेले एक गृहस्थ पुढे आले. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत शाळा चालवणारे मोरे गुरुजी. काही कामाने महाडला आले होते.

"छान आहे," गुरुजी म्हणाले. "पण या पोरांच्या घरी वर्तमानपत्रं येतात. त्यांतल्या चौकटी बघून त्यांचे डोळे सरावलेत. आमच्याकडे या. तिथे कळलं तर कुठेही कळेल."

बाई म्हणाल्या, चढ आहे हो, दमाल. मी दमलेच होते. पण आडगावात दाखवून या असं मालकांनी सांगितलं होतं, आणि महाडला आडगाव म्हणायची माझी छाती नव्हती.

पोलादपूरला एस.टी. सोडली. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा आणि गरम भजी खाल्ली. ती भजी मात्र अजून जिभेवर आहेत. मग चालायला लागलो. गुरुजी रोजच्या सवयीने पुढे चालले होते, मी मागून पदर खोचून, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात फाइल. भात कापून झालेली खाचरं उन्हात तडकलेली, मध्येच राबाचा, म्हणजे पेरणीआधी शेतात जाळलेल्या पालापाचोळ्याचा वास. "आलंच," असं गुरुजी प्रत्येक वळणावर म्हणायचे. डोंगरातल्या माणसाच्या "आलंच" वर विश्वास ठेवू नका, एवढा सल्ला या लेखातून घेतलात तरी पुरे. वाटेत हंडे घेऊन बायका खाली झऱ्याकडे चालल्या होत्या. एकीने मला नीट निरखलं आणि विचारलं, "गुरुजी, पाव्हणी आजारी हाय काय?"

शाळा म्हणजे देवळाचा मंडप. गुरुजींनी मुलांना गोळा केलं, मी खांबांना दोरी बांधून पानं टांगली. पहिल्या पानावर सगळी गोष्ट थोडक्यात, सहा चौकटींत. अंथरुणावरच्या आईला सोडून घरातून निघणारी मुलगी, ओढा ओलांडणारी, रानातली, चेटकिणीसमोरची, विहिरीवरची, आणि घरी परत आलेली.

मुलं पानाजवळ सरकली. मग पुढे बसलेल्या एका मुलीने फुग्याकडे बोट दाखवलं. "बाई, ही बिडी वढते?"

सगळे हसले, मीही हसले. म्हटलं, धूर नाही गं, ती बोलते आहे. बरं, आता गोष्ट सांगा बघू.

त्यांनी सांगितली. एका घरात सहा बहिणी होत्या. आई आजारी पडली. थोरली घरातून निघाली. दुसरी ओढ्यापर्यंत गेली. तिसरी रानात शिरली. चौथीला चेटकीण भेटली. पाचवी विहिरीवर पोचली. धाकटी पाणी घेऊन घरी आली. सांगून झाल्यावर सगळी मुलं माझ्याकडे बघत राहिली, आणि बिडीवाल्या मुलीनेच विचारलं, "मग बाकीच्या पाच जणी कुठं ऱ्हायल्या?"

मी म्हटलं, अगं, सहा नाहीत, एकच आहे. तिला पटलं नाही. "एकच कशी? मोजा की." आणि खरंच, तिने बोट लावून मोजून दाखवल्या. मी परत समजावलं, हातवारे केले, आवाज चढवला. मुलं मान डोलवायला लागली. बाई चिडल्यात, हे त्यांना कळलं होतं. गोष्ट कळली नव्हती. मी दोरी सोडली. मुलांसमोर रडायचं नव्हतं म्हणून पानांवरची धूळ उगाच पुसत बसले. सोलापूर, आंबे, पेरू.

गुरुजींच्या घरी ओटीवर पाय पसरून बसले. उठायची ताकद नव्हती. गुरुजींचे थोरले भाऊ मुंबईला गिरणीत होते. त्यांची बायको, पारूवहिनी, घर सांभाळायची. ती झऱ्यावरून आली, हंडा उतरवला आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुकट. मी सुकट खात नाही हे सांगायचंही त्राण नव्हतं, खाल्ली. चांगली लागली.

"पोरांनी चूक सांगितलं काय?" वहिनीने विचारलं. गुरुजींनी तिला सगळं सांगितलं होतं.

मी फाइल तिच्यापुढे सरकवली. तिने हात पदराला पुसले आणि पान बघितलं. "चूक कुठं हाय? एकाच घरच्या हायत ना ह्या? एकाच ठाणातलं कापड हाय सगळ्यांच्या अंगाला."

मला कळेना. तिने अंगणाकडे हाक मारली, "गो पोरींनो, इकडं या." तिच्या तीन मुली धावत आल्या. तिघींच्या अंगात एकाच जांभळ्या फुलांचे झगे. त्यातली मधली म्हणजे मघाची बिडीवाली. "ह्यांचा बापूस गणपतीला येतो तवा एक ठाण आणतो. सगळ्यांचे झगे त्यातच. कुणाला जास्त, कुणाला कमी नाय. अख्ख्या वाडीत असंच. कापड बघूनच वळखायचं कुणाच्या घरची पोर ती."

मी त्या तिघींकडे बघत राहिले. ज्या ठिपक्यांवर माझा सगळा भरवसा होता, त्यांनीच माझा घात केला होता. पुण्यात तोच परकर म्हणजे तीच मुलगी. इथे तोच परकर म्हणजे बहीण. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं, आणि या वेळी मी ते लपवलं नाही.

वहिनी घाबरली. "काय झालं गो बाय?"

"वहिनी, ही एकच मुलगी आहे. तीच घरातून निघते, तीच पाणी घेऊन येते. हे मी दाखवू कसं? परकर बदलला तर वेगळी दिसेल, तोच ठेवला तर बहिणी होतात."

तिने पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. पहिली चौकट बघितली, शेवटची बघितली. मग हसली. "एकच? मग दमली नाय ती?"

"म्हणजे?"

"डोंगर चढली, रान तुडवलं, भरलेली कळशी आणली. आन् ही बघा, घरातनं निघाली तशीच्या तशी आली. वेणी पण सुटली नाय. कुणीपण म्हणंल ही दुसरी, ताज्या दमाची." मग माझ्याकडे, पायांवरच्या धुळीकडे, सुटलेल्या अंबाड्याकडे बघून म्हणाली, "तुमी निघाल्याव तवा अशाच दिसत व्हता काय?"

आत तिच्या फणी-करंड्याच्या पेटीला आरसा होता. मी त्यात बघितलं. वाटेत त्या बाईने मला आजारी का म्हटलं ते समजलं.

सकाळी गुरुजींच्या ओटीवर बसून कोऱ्या कागदावर तेच पान नव्याने काढलं. पहिल्या चौकटीत वेणी घट्ट, परकर कोरा. ओढ्यात काठ भिजला. रानात एक बट सुटली, काट्याने परकराला ओरखडा गेला, आणि तो ओरखडा मी पुढच्या प्रत्येक चौकटीत ठेवला. चेटकिणीसमोर मुलीच्या पायाला फडकं आलं. विहिरीवर खांदे उतरले. शेवटच्या चौकटीत आई पाणी पिते आहे आणि मुलगी भरल्या कळशीने वाकलेली, केस पार विस्कटलेले. आरशात बघितलेला माझाच चेहरा मी तिला दिला. दुसरा शोधायला वेळ नव्हता.

मंडपात पान टांगलं. मी काहीच बोलले नाही. बिडीवाली पुढे आली, चौकटी मोजायला बोट वर केलं, आणि ओरखड्यापाशी थांबली. बोट पुढच्या ओरखड्यावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. "तीच हाय रे!" ती मागे वळून ओरडली. "तीच हाय ही! पाय कापला तिचा!" मग सगळेच एकदम बोलायला लागले.

पाण्याला निघालेली पारूवहिनीही रिकामा हंडा कमरेवर घेऊन मंडपाच्या कडेला थांबली होती. तिने पान शेवटपर्यंत बघितलं. "बरं झालं," म्हणाली. "पण आता बसू दे गो तिला."

परतीची एस.टी., तोच घाट, तेच लिंबू. बसमध्ये मी सगळा वेळ झोपले, त्यामुळे चढताना दिसणाऱ्या दऱ्यांबद्दल मला विचारू नका. पुण्यात आल्यावर आधी सगळी पानं पुन्हा काढली, आणि मग शेवटी एक चौकट वाढवली. मुलगी उंबऱ्यावर बसली आहे, पाय पसरून, पाठ दाराला. बोलण्याचा फुगा नाही.

मालकांनी सगळं वाचलं आणि त्या चौकटीवर बोट ठेवलं. "ही कशाला? आईनं पाणी प्यायलं, गोष्ट संपली."

"तिला बसू द्या," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पहिल्या पानापासून परत बघत आले. "दमलीय खरी पोर," म्हणाले, आणि पानं छापायच्या गठ्ठ्यावर ठेवली. त्या संध्याकाळी मी दादाला नाही म्हणून कळवलं. तो चिडला, महिनाभर बोलला नाही.

पुस्तकाच्या प्रती गुरुजींच्या शाळेत गेल्या. पुढे कधीतरी ते पुण्याला आले, तेव्हा भेटायला आले होते. मी अधीरपणे विचारलं, अजून पाच जणी शोधतात का पोरं?

"नाही नाही, एकच आहे हे आता सगळ्यांना पाठ आहे," गुरुजी म्हणाले. "पण आमची मधली पुतणी भांडते. म्हणते, एवढं पाणी आणलं, सगळं आईनं प्यायलं. हिला कुणी दिलं का?"

मी पुस्तक उघडून शेवटचं पान बघितलं. तिला कुणी पाणी देतंय अशी चौकट माझ्या डोक्यातच आली नव्हती, आणि पुस्तक तर छापून झालं होतं.

तेव्हापासून पुष्कळ फिरले, पुष्कळ गोष्टी चौकटींत बसवल्या. आता गुडघे ऐकत नाहीत. तरी कुठूनही घरी आले की पिशवी खाली ठेवते, चप्पल काढते, उंबऱ्याशी जरा टेकते. मग उठून आधी स्वतःसाठी पाणी घेते.