गोळीच्या मशिनचं कुंकू

वडील आषाढात गेले. मी तेव्हा सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होतो. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. दिवसकार्य आटोपल्यावर चुलत्यांनी मला हॉटेलच्या बाकावर बसवलं.

"हे गोळीचं मशिन चालू कर. झालं, तर हाटेल मी बगतो, तू जा कॉलेजला. न्हाई झालं, तर गिऱ्हाईक थांबत न्हाई. मग शेती टाकून मी हितं चा इकत बसू व्हय? तुलाच बसाय लागंल."

मी "बरं" म्हणालो. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. पुढ्यात ताट आलं की जेवत होतो, एवढंच.

हॉटेल कऱ्हाडजवळ, मलकापूरच्या अलीकडे, हमरस्त्याला. वडील लष्करात ड्रायव्हर होते. सुटून आल्यावर त्यांनी ते काढलं, आणि गोदीत कामाला लागलेल्या एका जुन्या सोबत्याकडून हे मशिन आणलं. कुठल्याशा परदेशी बोटीवरचं, बोट मोडीत निघाली तेव्हाचं. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर रबरी खुंट आणि दिवे. दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर जायची. मग दोन्ही बाजूंची बटणं दाबत ती खाली पडू द्यायची नाही. मागच्या उभ्या पेटीत आकडे उमटायचे. ट्रकवाले चहा संपला तरी उठायचे नाहीत.

पावसाळी हवा सुरू झाली आणि ते बिघडलं. कुणी हात न लावता आकडे पळायचे, मग सगळं एकदम थिजायचं.

कॉलेजातून मीटर मागून आणला आणि उभ्या पेटीचं मागचं दार उघडलं. आत हिरवे बोर्ड. मधल्या बोर्डावर, काळ्या चिपांच्या रांगेत, हळदीचं एक बोट आणि त्यावर कुंकवाचं.

ते वडिलांनी आदल्या वर्षीच्या खंडेनवमीला लावलेलं. मी सुट्टीला आलो होतो. भाईरनं लाकडाला लावा की, असं मी म्हणालो होतो, पण जरा दबकतच. ते म्हणाले, "पलटणीत आमी बॉनेट उघडून इंजनाला लावायचो. पत्र्याला लावून काय हुतंय?" आणि बोट पाण्यात बुडवलं.

मी दुसरीकडून सुरुवात केली. फ्यूज बघितला, ट्रान्सफॉर्मर बघितला. बोर्डाला विजेचा दाब बरोबर मिळत होता. पिनांचे टाके सुटले असतील म्हणून सगळ्यांना नव्याने डाग दिला. आकडे पळतच होते.

कवठे महांकाळचा एक ड्रायव्हर रोज यायचा. कपबशी घेऊन माझ्या पाठीशी उभा राहायचा. "काय डाक्टर, पेशंट उठंना व्हय?"

"उठंल," मी म्हणायचो.

"न्हाई, घाई न्हाई. आमी हाय की सांगलीच्या सायबाच्या हातचा चा प्यायला."

तो हसायचा. मलाही हसायला हवं होतं बहुतेक.

मग लक्षात आलं, की दुपारी ऊन पडलं की मशिन नीट चालतं आणि ढग आले की बिघडतं. कुठंतरी काहीतरी ओल धरत होतं. कुंकवाच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या रेघांवर मीटरच्या सुया टेकवल्या. त्या दोन रेघांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, काटा हलायला नको होता. तो हलला. मला वाटतं, पहिल्या दिवशीच मला ते ठाऊक होतं. पण आता तपासायला दुसरं काही उरलं नव्हतं.

बोर्ड काढून टेबलावर घेतला. पेट्रोमॅक्सची स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला, आणि तसाच बसून राहिलो. आई भांडी घासून आत आली. तिने बोर्डाकडे पाहिलं.

"ह्याच्यानंच बिगाडलंय?"

"व्हय."

"पुसाय लागंल?"

"व्हय."

तिच्या कपाळावर पूर्वी जिथं कुंकू असायचं, तिथली कातडी अजून जरा फिकी दिसत होती. तिने पदराला हात पुसले आणि माझ्या हातातला कापूस घेतला.

"नीट धर तू. मी पुसते."

मी बोर्ड दोन्ही हातांनी धरला. तिने घाई केली नाही. लाल गेलं, खाली पिवळं राहिलं, ते स्पिरिटबरोबर माझ्या बोटांवरून ओघळलं. पुसून झाल्यावर तो कापूस तिने टाकला नाही. कनवटीला खोचला आणि चूल पेटवायला गेली.

चुलीच्या उबेला धरून बोर्ड वाळवला आणि बसवला. बाहेर भुरभुर चालू होती, तरी आकडे जागेवर थांबले. चुलत्यांनी स्वतः गोळी मारून बघितली. तो ड्रायव्हर म्हणाला, "लय ब्येस!" आणि त्यांना बाजूला सारून खेळायला लागला. चुलते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा मग आता."

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला सांगलीची एसटी धरली. तिकिटासाठी हात पुढे केला, तेव्हा कंडक्टरला माझी पिवळी बोटं दिसली. टोपीखालचं भादरलेलं डोकं दिसलं नसावं.

"काय पावणं, चातुर्मासात हळद?"

"सांगली, एक," मी म्हणालो.

त्यांनी तिकिटाला भोक पाडून माझ्या हातात दिलं.