ताई मॅच बघत नाही

हंगामाच्या मध्यावर कुणी मला टीमबद्दल विचारू नये. सुरुवातीला आशा असते, शेवटी निकाल असतो, मध्ये नुसती जिवाची घालमेल. आमची निळी बास्केटबॉल टीम यंदा मध्यावर सातवी होती आणि पहिल्या सहाच पुढच्या फेरीत जातात. म्हणजे त्रिशंकूसारखी लटकलेली. आमच्या कॅप्टनला सगळं गाव शिडी म्हणतं. तो आता पस्तिशीचा झालाय आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर गुडघे त्याचं ऐकेनासे होतात. यंदा आलेला नवा खेळाडू उड्या फार छान मारतो, पण पास द्यायचा म्हटलं की त्याच्या पोटात दुखतं. या सगळ्याचा विचार मी बुधवारपासून करायला लागतो, आणि गुरुवारी छापखान्यात कागद उलटा लावून शिव्या खातो.

आमच्या घरात या घालमेलीवर एक हमखास उपाय होता. ताईने मॅच बघायची नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर तिच्या पुढ्यात प्लास्टरचे जबडे असतात, त्यांवर ती गुलाबी मेण चढवते आणि एकेक दात बसवते. हा जरा आत, तो जरा तिरका. सगळे एका ओळीत बसवले तर माणूस हसताना खोटा दिसतो, म्हणते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या भुवयांवर पांढरी भुकटी असते आणि भाऊजी तिला सांगतात, "आज लवकर म्हातारी झालीस." भाऊजींना कुठल्याच खेळात रस नाही. रविवारी दुपारी ते झोपतात आणि ताई आमच्याकडे येते.

येते, ओटा घासते, बाबांच्या शर्टांना बटणं लावते, मला दोन शब्द सुनावते, आणि मॅच सुरू व्हायच्या आत चपला घालून बाहेर पडते. जिन्यात बसते. जिन्यातून रस्त्यावर जाते. औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसते, उठते, पुन्हा जिन्यात येते. एका जागी तिचा पाय ठरत नाही. खालच्या मजल्यावरच्या टीव्हीचा आवाज, समोरच्या खिडकीतली आरोळी, आमच्या दारामागची माझी शिवी, एवढ्यावर तिला स्कोअर कळतो. मॅच संपली की वर येऊन विचारते, "तिसऱ्या क्वार्टरला शिडीला बाहेर बसवला होता ना? तेव्हाच सगळे गप्प झाले होते." आणि तसंच झालेलं असतं. आमच्या घरात टीमची सगळ्यात वेडी चाहती तीच, आणि चौदा वर्षांत तिने आमच्या टीव्हीवर एक बास्केट पाहिलेली नव्हती.

याचं मूळ अगदीच फुटकळ आहे. एका फायनलला आपण एका गुणाने मागे होतो. फ्री थ्रो मारायला शिडी उभा. तेव्हा तो अगदी नवा होता. ताई चहाचा ट्रे घेऊन खोलीत आली, त्याचे दोन्ही नेम चुकले आणि आपण हरलो. पुढच्या हंगामाच्या पहिल्या मॅचला ती बसली, पुन्हा हरलो. तिसऱ्या वेळी बाबा हसत म्हणाले, "तू जरा बाहेर थांब बघू." ती थांबली आणि आपण जिंकलो. झालं. बाबांनी तिला लाडाने पांढऱ्या पायाची म्हणायला सुरुवात केली. तिचं लग्न झालं त्या दिवशी टीमने मोठी मॅच मारली, तर बाबा पाहुण्यांसमोर म्हणाले, "बघा, सासरी गेली आणि ग्रह सुटला!" सगळे हसले. ताईही हसली. थट्टेची मजा अशी असते की जिची थट्टा होते तिला सगळ्यांच्या आधी हसावं लागतं. आणि हळूहळू तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

आई गेल्यापासून घरी बाबा आणि मी. बाबांनी तीस वर्षं शहराची बस चालवली. आता रविवारची मॅच हाच त्यांचा आठवडा. आणि त्यांची कवळी अर्थातच ताईच्या हातची. अटीतटीच्या मॅचला बाबा दात एकमेकांवर असे घासतात की शेजारी बसलेल्याच्या अंगावर काटा यावा. त्यामुळे टीमची तब्येत ताईला कवळीवरून कळते. मध्यंतरी ती पॉलिश करताना म्हणाली होती, "यंदा उजव्या दाढा फारच झिजल्यात. शेवटच्या मिनिटांत आपण गडबड करतोय."

या हंगामात कवळी दोनदा फुटली. पहिल्यांदा टवका गेला. दुसऱ्यांदा सरळ दोन तुकडे. मी तुकडे लॅबमध्ये नेऊन दिले, ताईने ते उजेडात धरले, उलटसुलट पाहिले आणि मला म्हणाली, "ही घासून गेलेली नाही. ही पडलीये."

"हातातून निसटली असेल," मी म्हणालो.

"दोन्ही वेळेला?"

ती तडक आमच्याकडे आली. बाबांच्या पुढे पाण्याचा पेला ठेवला आणि बघत उभी राहिली. बाबांनी हात पुढे केला. हात पेल्याच्या शेजारी, रिकाम्या टेबलावर पडला. मग ते टेबल चाचपत म्हणाले, "कुठे ठेवलास गं? नीट ठेवत जा."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग आहे. तो जाणार नाही. कडेचं दिसत राहील.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सबंध हंगाम मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. ते मान तिरकी करून बघायचे, मला वाटायचं मान लचकलीये. मी ओरडलो की मग ते ओरडायचे, जरासे उशिरा. मला वाटायचं वय झालं. माझ्या ओरडण्यावरून ते मॅच बघत होते आणि मला पत्ता नव्हता. विचारलं तर फाडकन म्हणाले, "तीस वर्षं बस चालवली. मला शिकवतोस कुठे बघायचं ते?"

त्या रविवारी बंदरवाल्यांशी मॅच होती. जिंकलो तर सहावे, हरलो तर आठवे. ताईने ओटा घासला, हात पुसले, पण चपला घातल्या नाहीत. बाबांच्या खुर्चीजवळ येऊन म्हणाली, "बाबा, आज मी बसते तुमच्याजवळ. काय काय चाललंय ते सांगते."

बाबांनी टीव्हीकडे मान तिरकी केली. मग म्हणाले, "आज नको गं. आज बंदरवाले आहेत."

"बरं," ताई म्हणाली आणि गेली. दारसुद्धा हळू लावलं.

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला बॉल दिसत नाही आणि ती सांगतेय तर—"

"तू आहेस ना सांगायला?"

मी होतो. आणि खरं सांगायचं तर मनातून मला हायसं वाटलं होतं. सहावा नंबर समोर दिसत असताना उगाच कशाला विषाची परीक्षा?

पण सांगणं हे माझं काम नव्हे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मी उठतो, बसतो, टीव्हीसमोर जातो, कपाळावर हात मारून घेतो. त्यात टीव्हीवरचा समालोचक "काय अप्रतिम!" म्हणतो, पण काय अप्रतिम ते डोळे असतील त्याने बघावं.

"अरे! अरे, अरे! गाढवा!"

"काय झालं?" बाबा विचारतात.

"काही नाही."

"काही नाही, तर गाढव कोण?"

"तो नवा! पास नाही दिला. थांबा, थांबा... गेला!"

"कोण गेला? कुठे गेला? बॉल कुणाकडे आहे?"

असं दोन क्वार्टर चाललं. अर्धी मॅच झाली तेव्हा आपण नऊने पुढे होतो आणि मी खोलीभर नाचत होतो. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. एवढ्या आघाडीवर असलेल्या टीमचा चाहता इतका बिचारा दिसलेला मी कधी पाहिला नाही. म्हणाले, "मला बसच्या मागच्या सीटवर बसवल्यासारखं वाटतंय." मग उठले आणि भिंतीला हात लावत निघाले. मला वाटलं बाथरूमला जातायत. त्यांनी दार उघडलं.

ताई जिन्यात खालून तिसऱ्या पायरीवर बसली होती. वर बघून आधी तिनेच विचारलं, "नऊने पुढे आहोत ना?"

"आत ये," बाबा म्हणाले.

"नको बाबा. चांगलं चाललंय. राहू दे."

"ये म्हणतो ना."

"मी आले की काय होतं तुम्हाला माहितीये. हरलो तर मलाच वाईट वाटेल." ती हे रागाने म्हणाली नाही. गॅस बंद केलाय, हे सांगावं तसं सांगितलं. मला तेच जास्त लागलं.

बाबांनी दाराची चौकट घट्ट धरली. "मला बॉल दिसत नाही गं," ते म्हणाले. "कडेची माणसं दिसतात. बॉल दिसत नाही. हा नुसता ओरडतो." डॉक्टरीणबाईंसमोरही त्यांनी हे एवढं कबूल केलं नव्हतं.

ताई आत आली. आधी दाराजवळच्या स्टुलावर टेकली, मग बाबांनी हाताने चाचपून शेजारची खुर्ची पुढे ओढली तेव्हा तिथे बसली. टीव्हीकडे तिने घाबरत घाबरतच पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "शिडी किती म्हातारा झाला!"

मग ती सांगायला लागली. घाई नाही, आरडाओरडा नाही. दात बसवावेत तसा एकेक शब्द जागच्या जागी. "बॉल शिडीकडे. तो डावीकडे, रेषेजवळ उभा आहे. दोघं अंगावर आलेत. टप्पा मारतोय, अजून मारतोय. आपल्या बुटक्याला दिला. बुटका खाली शिरला... वर मारला, कडेला लागला, आत." आणि बाबा "वा!" म्हणाले. माझ्याही आधी म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

आघाडी मात्र वितळत चालली होती. नऊची सहा झाली, सहाची चार. शेवटच्या क्वार्टरला शिडीचे गुडघे बसले. बंदरवाल्यांनी लागोपाठ दोन बास्केट केल्या आणि बरोबरी झाली. पुन्हा दोनने आपण पुढे गेलो तेव्हा ताई बोलता बोलता थांबली. माझ्याकडे तिने पाहिलं. मी तोंडाने काही बोललो नाही, पण "जा ना" हे माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार, कारण ती उठली.

"मी बाहेर जाते, बाबा. आत्ताच जाते. अजून वेळ आहे."

बाबांनी तिचं मनगट धरलं. पहिल्या झटक्यात धरलं, चाचपावं लागलं नाही. "बॉल कुणाकडे आहे?"

"बाबा, सोडा ना. हरू आपण."

"बॉल कुणाकडे आहे?"

"त्यांच्याकडे," ताई म्हणाली. उभ्या उभ्याच सांगत राहिली. "लांबून मारतोय त्यांचा... तिनाचा आहे... आत गेला. एकाने मागे आहोत. आता बॉल आपल्याकडे. नव्याकडे. शिडी मोकळा आहे, हात वर करून उभा आहे, पण हा देत नाहीये. स्वतःच वर गेला. मारला." ती बाबांकडे वळली. "छान मारला होता बाबा. अगदी सरळ गेला. कडीवर दोनदा उडाला आणि बाहेर पडला."

मॅच संपली. एका गुणाने हरलो. आठवे.

मी रिमोट सोफ्यावर भिरकावला. काय बोलू नये ते कळत होतं आणि तरी तोंडून गेलंच. "झालं समाधान?" मी ताईला म्हणालो.

ती मान खाली घालून पायाने चपला शोधायला लागली.

"माझं झालं," बाबा म्हणाले. "या हंगामात पहिल्यांदा मॅच बघितली मी." मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "आणि तू तिला पुन्हा असं बोललास तर तू जाऊन बस जिन्यात." तिचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. तिला म्हणाले, "पुढच्या रविवारी सुरुवातीपासून बस. अर्ध्यातून आलं की काही समजत नाही."

ताई रडायला लागली. डोळे पुसण्याचंही तिला सुचलं नाही. "आणि पुढच्या रविवारी हरलो तर?" तिने विचारलं.

"हरू की," बाबा म्हणाले. "तू लवकर ये."