तम्मण्णाच्या शेजारची जागा

मंजुश्रीनं उप्पिटासाठी रवा भाजायला घेतला होता, विक्रम बाथरूममधून टॉवेल मागत होता, आणि जयवंता दाराच्या चौकटीला पाठ टेकून मेथी निवडत बसली होती. तेवढ्यात दार वाजलं.

बेल असताना दार वाजवणारं या घरात एकच माणूस, जयवंताची थोरली बहीण आक्काताई. "त्या बटनाला हात लावायचं माझ्यानं हुयत न्हाय बाई, शॉक बसला म्हंजे?" असं म्हणत ती कडी आपटायची. गेल्या नाताळानंतर ती लोंढ्याला गेली होती, जयवंताच्या धाकट्या मुलाच्या, किशनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, चार दिवस हवापालट म्हणून. चार दिवसांचे किती महिने झाले. जयवंताच्या हातातली काडी तशीच राहिली.

"आक्का आली बघ गं," ती सुनेला म्हणाली.

दारात शामू उभा होता. पाळकांनी नाव शामुवेल ठेवलेलं, पण वडगावात त्याला सगळे शामूच म्हणतात. चर्चची झाडलोट तोच करतो आणि कबरीही तोच खणतो. चपला बाहेर काढून तो आत आला, पण उभाच राहिला.

"काकू, किशनचा पाळकसाहेबांना फोन आलता. तुमास्नी फोनवर सांगू नका म्हणाला. राती झोपल्या त्या आक्का उठल्याच न्हाईत. गाडी निघालीया लोंढ्यासनं."

रवा करपल्याचा वास आला तेव्हा मंजुश्री भानावर येऊन आत पळाली. विक्रम अर्ध्या ओल्या अंगानं बाहेर आला आणि "मावशी गं!" म्हणून खुर्चीतच बसला. त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, गोवरात मांडीवर घेऊन बसली ती आक्काताईच. आई हातमागावर असायची ना!

जयवंता रडली नाही. पदरातली मेथीची पानं तिनं एकेक करून परातीत टाकली.

"साहेब विचारत्यात," शामू जरा वेळानं म्हणाला, "खड्डा कुठं काढायचा. रात्रीच्या पावसानं माती मऊ हाय, लवकर काढला तर बरं."

"कुठं म्हणजे? नव्या ओळीत, भिंतीकडंला," विक्रम डोळे पुसत म्हणाला.

"व्हय. जागा हाय तिथं. शेजारी अजून कुणी न्हाय, ऐसपैस."

शेजारी कुणी न्हाय. जयवंतानं मान वर केली. शामू वळत होता.

"शामू, चहा घेतल्याबिगार जायाचं न्हाय," ती म्हणाली. "मंजू, चहा टाक."

त्यांच्या दफनभूमीत एक रीत आहे. नवरा गेला की त्याच्या शेजारी तेवढीच जागा बायकोसाठी सोडतात आणि कडेनं चुना लावलेले दगड मांडतात. तम्मण्णाच्या शेजारी अशी जागा आहे. ती जयवंताची. दर ईस्टरला पहाटे दोघी बहिणी मेणबत्त्या घेऊन जायच्या, आणि जयवंता आपलीच रिकामी जागा बघून यायची. एका वर्षी आक्काताई तिथं बसकण मारून गवत उपटायला लागली. "लई माजलंय गं तुझ्या जाग्यावर," म्हणाली. दोन्ही हातांनी उपटत होती. जयवंताला 'राहू दे' म्हणायचं होतं, पण ते न म्हणता ती मेणबत्त्या लावत राहिली.

कारण तम्मण्णाची पहिली बायको आक्काताई होती.

हे बोरगावातलं. तिकडं तम्मण्णाशी आक्काताईचं लग्न झालं, वर्षं गेली, मूल झालं नाही. सासू दुसरी सून बघायला लागली तेव्हा आक्काताई स्वतः माहेरी आली आणि धाकट्या बहिणीला माळवदावर नेऊन म्हणाली, "परकी आली तर मला भांडी घासायला ठेवील. तू ये. आपण दोघी राहू." कायद्याला ते चालत नव्हतं, पण कायदा बोरगावात विचारायला कोण येत होतं? जयवंता गेली. तिला आक्काचा लळा होता, एवढंच कारण. दोन मुलगे झाले. पहिल्या रात्रीपासून दोघांनाही आक्काताईनंच कुशीत घेतलं.

पुढं तम्मण्णाच्या छातीत दुखणं बसलं. सगळ्यांनी हात टेकले आणि मिशनच्या दवाखान्यात तो उठून बसला. बाप्तिस्मा घ्यायचं त्याच्या मनानं घेतलं. त्या वेळचे पाळक घरी आले, चटईवर बसले, घरात कोण कोण म्हणून त्यांनी विचारलं. एका नवऱ्याला एकच बायको, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तम्मण्णानं जयवंताकडं हात केला. "ही बायकू. ही पोरं. आणि ही बायकूची थोरली भैण."

आक्काताईनं मान हलवली. व्हय म्हणाली.

जयवंता गप्प बसली. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतंच ते! बहीण तर ती होतीच. म्हणून तर ते खोटं कधी कुणाला सापडलं नाही. वर्षभरात सगळे वडगावला आले, माग टाकला, मुलं मावशी म्हणायला लागली आणि मावशी म्हणतच मोठी झाली. नवऱ्यानं टाकलेली बहीण, असं पेठेतल्या बायकांनी आपापसात ठरवून टाकलं. कुणी खवचटपणे विचारायची, "मालक कुठं असतो गं तुझा?" आक्काताई रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता हसून सांगायची, "हाय की. खातोय, पितोय, बरा हाय." आत मागावर तम्मण्णाचा धोटा तेवढ्यापुरता थांबायचा. मग पुन्हा खटक-खट सुरू.

मोठ्या तिघांत वाचता येणारी एकटी जयवंता. संध्याकाळी दिवा लागला की ती बायबल वाची. अब्राहाम मिसर देशात जाऊन जीवाच्या भीतीनं साराला बहीण म्हणून सांगतो, ते तिनं एकदाच वाचलं. तम्मण्णा खोकत उठला आणि परसात जाऊन उभा राहिला. त्यानंतर ती आधी पुढचं चाळून ठेवायला शिकली. तिला त्या पुस्तकाची भीती वाटे. त्यात देवानं कुणाच्याच घरातलं झाकलं नव्हतं. भाऊ भावाला विकतो, आई आंधळ्या बापाला फसवायला शिकवते, आणि याकोबाच्या एका घरात दोन सख्ख्या बहिणी. ती गोष्ट आली की जयवंता दोन-तीन पानं एकदम उलटायची.

"पान चिकटलं का गं?" आक्काताई अंधारातून विचारायची. "कालपातूर एकटा व्हता की याकोब. ही बारा पोरं कुठनं आली?"

मुलं खदाखदा हसायची. जयवंता पुढं वाचत राही.

तम्मण्णा गेला तेव्हा पहिली मूठभर माती जयवंतानं टाकली, मग मुलांनी, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. आक्काताई सगळ्यांच्या मागं होती. तिची मूठ शेवटची. घरी आल्यावर जयवंता पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तर आक्काताई चुलीपाशी पाठमोरी बसून हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक उतरवत होती. आवाज होऊ नये म्हणून पदरात घेत होती. जयवंता पाणी न पिताच मागं फिरली.

लोंढ्याला जायच्या आदल्या दिवशी आक्काताई म्हणाली, "आज ते चिकटल्यालं पान वाच. आता पोरं न्हाईत ऐकायला."

जयवंतानं वाचलं. लेआ थोरली, डोळ्यांनी अधू. नवऱ्याचं मन धाकट्या राहेलवर. लेआ नावडती आहे हे देवानं पाहिलं, असं आलं तिथं आक्काताईनं हात वर करून थांबवलं. "म्हंजे बघितलं व्हतं त्यानं," ती म्हणाली. "मला वाटायचं, कुणाच्या ध्यानातच न्हाय." मग राहेल बाळंतपणात वाटेतच गेली, तिथंच तिला पुरली, तेही वाचून झालं. आणि शेवटी याकोब परमुलखात मरायला टेकला तेव्हा पोरांना सांगतो, मला माझ्या वाडवडिलांच्या जागेत न्या, तिथं मी लेआला ठेवलंय.

आक्काताईनं पदर सारखा केला. मग हसली. "मिळाली म्हणायची बाई तिला जागा."

त्या हसण्यात टोमणा नव्हता, आणि तेच जयवंताच्या जिव्हारी लागलं. आक्का गेल्यापासून तिला पहाटे रहाटाची घरघर ऐकू येई. रहाट कधीच मोडीत गेला होता. सुनेला विचारलं तर म्हणे, "शेजारच्यांचा मिक्सर असंल, आई." पण शेजारचे मिक्सर सातला लावतात. घरघर चालू व्हायची आणि मध्येच थांबायची, कुणी बोलेल म्हणून वाट बघावी तशी. जयवंता अंथरुणात डोळे मिटून पडून राही. बोलत नसे.

शामूनं बशीतला शेवटचा घोट घेतला आणि कपबशी खाली ठेवली. "निघू का काकू? भिंतीकडंला काढतो."

जयवंतानं कानोसा घेतला; रहाटाची घरघर नव्हती. मंजुश्रीनं गॅसही बंद केला होता.

"थांब," जयवंता म्हणाली. भिंतीला धरून ती उठून उभी राहिली. "विक्रम, तुझी मावशी ह्यांची बायकू व्हती. पहिली. लग्नाची. मी तिच्या मागनं आलो."

"आई, काय बोलतीस तू?" विक्रमचा चेहरा पांढरा पडला. मग तो शामूकडं बघून हळूच म्हणाला, "धक्का बसलाय तिला."

"धक्का बसायला मी काय आज ऐकतोय? मला ठावं हाय. बोरगावात कुणाबी म्हाताऱ्याला विचार."

"अगं, पण आता कशाला? चर्चमधी लोक काय म्हणतील? आणि उद्या तू... तुला कुठं न्यायचं मग?"

"भिंतीकडंला हाय की ऐसपैस."

शामू खाली बघत उभा होता. जयवंता त्याच्याकडं वळली.

"पाळकसाहेबांना सांग, ह्यांच्या शेजारची माझी जागा आक्काला द्या."