चांगल्यातलं तेल

रिव्हॉल्व्हरचं लायसन हातात पडेपर्यंत वारूळवाडीतल्या निम्म्या गावानं मला विचारून घेतलं, "राव, एवढा राग कुणावर हाय?" राग कुणावरच नव्हता. मला कागदाच्या लक्ष्यावर नेम धरायचा होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पॉइंट टू-टूचं ते नवंकोरं रिव्हॉल्व्हर घरी आणलं, तेव्हा मी सवतच आणल्यासारखं बायकोनं पाहिलं. घरात चार महिन्यांची लेक होती, त्यामुळे तिचंही चुकत नव्हतं. मी कबूल करून टाकलं, "यंदा राज्याच्या स्पर्धेला निवड झाली नाही तर विकून टाकतो."

"ध्यानात ठेवा म्हंजे झालं," ती म्हणाली.

ट्रिगर इतका जड की दाबतानाच नेम हलायचा. पुण्याच्या परवानाधारक कारागिरानं आतली स्प्रिंग हलकी केली आणि बजावलं, नळी पुसत जा, आतलं काही उघडू नका. मूठ हाताला मोठी होत होती, म्हणून शिसवाची नवी करून घेतली आणि महिनाभर कानस घेऊन घासत बसलो. मला शिकवणारे महाळुंगे पडवळचे निवृत्त सुभेदार हसायचे. "आधी तुझा हात दुरुस्त कर, मग तिला कर!"

खंडेनवमीला आमच्याकडे ट्रॅक्टरपासून विळ्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. रिव्हॉल्व्हर रिकामं करून मी पाटावर ठेवलं. बायकोनं विचारलं, "ह्याला कोणतं तेल लावू?" मी बाहेर ट्रॅक्टरला झेंडूची माळ बांधत होतो. "चांगल्यातलं लाव," म्हणालो आणि विसरून गेलो.

दिवाळीपर्यंत सगळं झकास चाललं. मग थंडी पडली. निवडीच्या आदल्या रविवारी सुभेदारांना कळंबच्या फाट्यावर स्कूटरवर घेतलं आणि कुडकुडत पुण्याची रेंज गाठली. पहिला बार, नुसतं खट्. दुसरा, खट्. या काडतुसाला घोड्याचा फटका कडेवर जोरात बसावा लागतो. माझ्या काडतुसांवर नखाएवढीही खूण नव्हती. मी कारागिराला शिव्या घातल्या. त्यानंच स्प्रिंग जास्त हलकी केली असणार. आता पुन्हा जड करायची, म्हणजे केलेली मेहनत पाण्यात आणि रिव्हॉल्व्हर विकायचं.

सुभेदारांनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं आणि घोड्याच्या खाचेत काडी फिरवली. काडीवर पांढरा थर आला. त्यांनी वास घेतला. "आरं, हे तर खोबरेल! थंडीनं थिजलंय. घोडा हालंल कसा?" त्यांनी सगळं रॉकेलनं धुऊन काढलं, वाळवलं, बंदुकीचं तेल लावलं. त्यानंतर एकही गोळी अडली नाही. त्या म्हाताऱ्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पण परतताना डोक्यात भलतंच शिरलं. हिला रिव्हॉल्व्हर घरात नकोच होतं. मुद्दामच केलं असेल तर? घरी पोचल्या पोचल्या मी ते बोलूनही गेलो.

ती लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. आवाज चढवला नाही. "तुमीच म्हणला व्हता चांगल्यातलं लाव. शिलाई मशीनचं तेल व्हतं माझ्याकडं, पण ते पूजेला कसं लावायचं? हे आईनं घरी काढून धाडलेलं, पोरीच्या टाळूचं. मशीनला सोडते तसं परत्येक भोकात थेंब सोडला." मग खाली बघत म्हणाली, "तुमची निवड व्हावी म्हणून."

मला तोंड वर करवेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी निवड झाली. यादीत नाव शेवटून दुसरं, पण होतं. सुभेदारांनी पाठीत जोराचा धपाटा घातला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिनं आधी देवापुढं साखर ठेवली. तिचे आभार मानायचे होते, पण आमच्या घरात तशी रीत नव्हती.

म्हणून लेकीला तिच्या मांडीवरून उचललं आणि फळीवरची ती बाटली काढली. बाटलीतलं खोबरेल थिजलेलं होतं, तळाशी थोडंसंच उरलेलं. तळहातावर घासून पातळ केलं आणि त्या दिवशी पोरीची टाळू मी भरली.